न्यू हॅम्पशायरचे बिशप जीन रॉबिन्सन



बिशप हा शब्द आपल्या उत्तर कोकणच्या किनाऱ्याला परका नाही. तारापूरच्या किल्ल्याच्या भिंती पोर्तुगीज अमदानीची साक्ष देत अद्याप उभ्या आहेत. १७३९ साली मराठ्यांनी आधी तारापूर व पुढे मे महिन्यात वसई सर केली, तेव्हा राज्य पालटले, पण येथील ख्रिस्ती समाज होता तेथेच राहिला. १९९८ साली वसईचा कॅथॉलिक धर्मप्रांत स्वतंत्र झाला आणि पालघर, डहाणूकडील भाग त्यात आला. त्यामुळे डोक्यावर उंच टोपी, हाती वाकड्या मुठीचा दंड आणि बोटात अंगठी, अशी बिशपांची मूर्ती आपल्याकडील हिंदू घरांतील मुलांनाही ठाऊक असते.

ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे, ते बिशप मात्र या परंपरेतले नव्हेत. सोळाव्या शतकात इंग्लंडातील चर्चने पोपची सत्ता झुगारली, त्यातून अँग्लिकन पंथ निघाला. त्याची अमेरिकेतील शाखा ती एपिस्कोपल चर्च. या पंथात धर्मगुरूला आणि बिशपालाही विवाह करण्याची मोकळीक आहे. हा पंथ आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. मुंबईला अँग्लिकन बिशपाची गादी १८३७ पासून होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन व इतर काही मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली आणि तिचे नाते कँटरबरीच्या आर्चबिशपांशी कायम राहिले. म्हणजे अमेरिकेतील एका लहानशा संस्थानात उठलेल्या ज्या वादाची हकीकत मी सांगणार आहे, त्याचे पडसाद मराठी ख्रिस्ती घरांपर्यंत येऊन पोहोचले होते.

तो वाद असा. २००३ साली न्यू हॅम्पशायर या संस्थानातील एपिस्कोपल मंडळींनी जीन रॉबिन्सन नावाच्या धर्मगुरूंना आपला बिशप निवडले. रॉबिन्सन समलिंगी होते, म्हणजे त्यांच्या मनाची ओढ पुरुषाकडे होती. ही गोष्ट त्यांनी लपविलेली नव्हती. ज्या गृहस्थांबरोबर त्यांचा संसार होता ते गृहस्थ निवडणुकीच्या वेळी सर्वांना माहीत होते. ख्रिस्ती धर्माच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात समलिंगी बिशप पूर्वी झालेच नसतील, असे समजण्याचे कारण नाही. रॉबिन्सन स्वतःही तसे कधी म्हणाले नाहीत. आपण पहिले नव्हे, उघडपणे सांगणारे तेवढे पहिले, असे ते सांगत आले. माझ्या मते सर्व गोष्टीचे मर्म येथेच आहे. तेव्हा त्यांचे चरित्र सांगताना मी त्यांच्या पदव्या व सन्मान यांपेक्षा या एका गोष्टीकडे अधिक लक्ष देणार आहे.

त्यांचा जन्म २९ मे १९४७ चा. त्याच महिन्यात आपल्याकडे साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले होते. रॉबिन्सन यांचे आईबाप केंटकी संस्थानात वाट्याने तंबाखू पिकविणारी गरीब माणसे होती. जमीन मालकाची, राबणे यांचे, आणि पिकाचा ठरलेला हिस्सा मालकाच्या घरी. घरात पाण्याचा नळ नव्हता. मूल जन्मले ते इतके आजारी की ते जगणार नाही अशी डॉक्टरांची खात्रीच झाली. दाखल्यावर घालायला नाव हवे होते, तेही जन्माच्या आणि मृत्यूच्या अशा दोन्ही दाखल्यांवर. आईबापांना मुलगी हवी होती. हे मूल जाणारच आहे अशा समजुतीने त्यांनी मुलाला 'व्हिकी जीन' हे मुलीला शोभणारे नाव देऊन टाकले. पण मूल जगले. आपल्याकडे नवसाच्या मुलाला दगडू किंवा धोंडू म्हणण्याची चाल होती, म्हणजे त्याच्याकडे काळाचे लक्ष जात नाही. केंटकीतील त्या माउलीच्या मनात असे काही असेल असे नाही, तथापि परिणाम तोच झाला. व्हिकी हे नाव कागदोपत्री राहिले आणि जगाला ते जीन रॉबिन्सन म्हणून ठाऊक झाले.

घरचे वातावरण धर्मनिष्ठ होते. रविवारची प्रार्थना कधी चुकत नसे. अशा घरातील मुलाला वयात येताना आपण इतर मुलांसारखे नाही असे जाणवू लागले, तर त्याने ते कोणाजवळ बोलावे? ज्या ग्रंथावर त्याचा जीव जडला होता, त्याच ग्रंथातील वचने त्याच्यासारख्यांच्या विरुद्ध वाचून दाखविली जात होती. पुढे त्यांनी टेनेसी संस्थानातील सेवानी येथील विद्यापीठातून १९६९ साली पदवी घेतली. त्याच साली आपला तारापूरचा अणुवीज प्रकल्प अमेरिकन कंपनीच्या हातून पुरा होऊन सुरू झाला, एवढ्यापुरते ते साल आपल्या परिसराच्या लक्षात आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल नावाच्या एका मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला असता तेथील समलिंगी लोकांनी उलट उठाव केला. रॉबिन्सन पुढे न्यूयॉर्कमध्येच धर्मशास्त्र शिकावयास गेले, पण त्या चळवळीशी त्यांचा तेव्हा संबंध नव्हता. ते स्वतःला बरे करण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी मानसोपचारही घेतले.

आपण बरे झालो, असे त्यांना वाटले असावे. १९७२ साली त्यांचा इझाबेला मॅकडॅनियल या बाईंशी विवाह झाला. विवाहापूर्वीच त्यांनी आपल्या मनातील ही भीती तिला सांगितली होती. दोघांनीही विश्वास ठेवला की प्रेमाने व प्रार्थनेने हे मागे पडेल. १९७३ साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १९७५ साली हे कुटुंब न्यू हॅम्पशायरला आले. दोन मुली झाल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा संसार सुखाचा दिसत असला पाहिजे, आणि अनेक अंशी तो तसा होताही. पण जे मागे पडेल असे वाटले होते, ते मागे पडले नाही. १९८६ साली पतिपत्नींनी विचार करून घटस्फोट घेतला.

या घटस्फोटाची हकीकत मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. न्यायालयातील काम आटोपल्यावर दोघे घरी गेले नाहीत. ते चर्चमध्ये गेले. लग्नाच्या दिवशी देवासमोर जी वचने दिली होती, त्यांतून एकमेकांना मोकळे करावयाचे तेही देवासमोरच, असे त्यांनी ठरविले होते. एकमेकांना झालेल्या दुःखाबद्दल त्यांनी क्षमा मागितली, बोटातील अंगठ्या परत केल्या आणि मुलींना दोघांनी मिळून वाढविण्याचे वचन दिले. यानंतर दोघांनी एकत्र प्रभुभोजनाचा विधी केला. पुढे इझाबेलाबाईंनी दुसरा विवाह केला. परंतु या दोन घरांत वैर आले नाही. याचा पुरावा सतरा वर्षांनी मिळाला, तो मी यथाक्रम सांगेन.

येथे थोडे आडवाटेने जातो. मी शिक्षकी पेशात आयुष्य घालविले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला माझा एक जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी मला भेटावयास आला. वर्गात तो अबोल होता, हस्ताक्षर सुंदर होते, आणि त्याच्या चालण्याबोलण्यावरून मुले त्याला चिडवीत, एवढे मला स्मरत होते. त्याने मला सांगितले की, त्याला स्त्रीविषयी ओढ कधीच नव्हती. हे त्याने घरी आडून आडून सुचविले होते. घरच्यांनी उपाय केला तो आपल्याकडील नेहमीचा. लग्न करून द्या, सर्व काही सुरळीत होईल. लग्न झाले. सुरळीत काही झाले नाही. दोन वर्षांनी ती मुलगी माहेरी परतली, आणि दोन्ही गावांत बोलले गेले ते तिच्याविषयी, की हिच्यातच काही उणे असावे. तो मला म्हणाला, "सर, माझे मी कसेही सोसले असते. पण तिने काय केले होते?" त्याच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

या प्रश्नाचा विचार आपल्या सुशिक्षित घरांतून होत नाही, याचे मला नवल वाटते. समलिंगी मनुष्याची चर्चा आपण करतो ती जणू त्या एकट्याचीच गोष्ट असल्यासारखी, कोणी दयेने करतो, कोणी तिरस्काराने. पण त्याला खोटे जगावयास लावले की त्या खोट्याची अर्धी किंमत एक निरपराध मुलगी भरते. इझाबेलाबाईंना निदान लग्नापूर्वी सत्य सांगितले गेले होते. आपल्याकडे किती नववधूंना हे भाग्य लाभत असेल?

असो. घटस्फोटानंतर रॉबिन्सन यांना चर्चमध्ये काम मिळेल की नाही अशी शंका होती. १९८७ साली मार्क अँड्र्यू या गृहस्थांशी त्यांचा परिचय झाला, व पुढील वर्षी दोघे एकत्र राहू लागले. त्याच १९८८ साली न्यू हॅम्पशायरचे तेव्हाचे बिशप डग्लस थ्यूनर यांनी त्यांना आपले मुख्य साहाय्यक नेमले. हे पद मिरविण्याचे नसून राबण्याचे असते. धर्मगुरूंच्या नेमणुका, गावोगावच्या मंडळींतील कज्जे, पैशाच्या अडचणी, मोडकळीस आलेल्या इमारती, हे सर्व त्याच माणसाकडे येते. न्यू हॅम्पशायर हे संस्थान लहान, सारी वस्ती तेरा लाखांच्या आसपास. त्यात एपिस्कोपल मंडळी थोडी व त्यांची देवळेही थोडी. पंधरा वर्षांत रॉबिन्सन यांनी ती सारी पालथी घातली. कोणाच्या घरी आजारपण, कोठे मर्तिक, कोठे धर्मगुरू आणि पंच यांचे बिनसलेले, तेथे हे हजर. हे सांगण्याचे कारण असे की, पुढे जेव्हा ते निवडून आले तेव्हा जगातील वर्तमानपत्रांनी एका समलिंगी मनुष्याला बिशप केले असे छापले. न्यू हॅम्पशायरच्या लोकांनी मात्र आपल्या ओळखीच्या माणसाला निवडले होते.

निवडले, असे मी म्हणतो ते अक्षरशः. कॅथॉलिक पंथात बिशपाची नेमणूक पोप करतात. एपिस्कोपल पंथात मतदान होते. धर्मगुरूंची मते निराळी, सामान्य श्रद्धाळूंच्या प्रतिनिधींची निराळी, आणि दोहोंतही बहुमत लागते. आपल्या सहकारी पतपेढीच्या निवडणुकीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, मात्र तेथे मतदानापूर्वी जेवणावळी होत नाहीत. ७ जून २००३ रोजी काँकर्ड गावच्या सेंट पॉल चर्चमध्ये दुसऱ्याच फेरीत रॉबिन्सन निवडून आले.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडात दुसरे एक प्रकरण घडत होते. जेफ्री जॉन नावाच्या विद्वान धर्मगुरूंची रेडिंगचे बिशप म्हणून निवड जाहीर झाली होती. तेही समलिंगी होते व त्यांनाही सोबती होता, परंतु आपण ब्रह्मचर्याने राहतो असे त्यांनी सांगितले होते. तेवढ्यानेही विरोधकांचे समाधान झाले नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या दडपणाखाली त्यांनी जुलै महिन्यात नाव मागे घेतले. रॉबिन्सन यांनाही अनेकांनी हाच सल्ला दिला. चर्च फुटेल, तुम्ही माघार घ्या, असे सांगणारे सर्वच काही दुष्ट नव्हते. त्यांनी माघार घेतली नाही. एकाने माघार घ्यावी व दुसऱ्याने घेऊ नये, यात कोणाचे बरोबर हे सांगणे मला कठीण वाटते. जेफ्री जॉन पुढे सेंट ऑल्बन्सच्या चर्चचे प्रमुख झाले, पण बिशप झाले नाहीत.

ऑगस्ट महिन्यात मिनियापोलिस शहरी एपिस्कोपल चर्चचे महाअधिवेशन भरले. स्थानिक निवडणुकीला तेथे संमती मिळावयाची होती. तेथील सुनावणीत रॉबिन्सन यांची धाकटी मुलगी एला हिने आपल्या आईचे पत्र वाचून दाखविले. घटस्फोटित पत्नीने आपल्या पूर्वपतीला बिशप करावे अशी शिफारस केली होती. वर ज्या पुराव्याचा उल्लेख मी केला तो हाच. इतक्यात, मतदान होणार तोच त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप आले. काम एक दिवस थांबले, तातडीने चौकशी झाली व त्यात तथ्य नसल्याचे ठरले. ५ ऑगस्टला बिशपांच्या सभेत ६२ मते त्यांच्या बाजूने व ४३ मते विरुद्ध पडली.

२ नोव्हेंबर २००३ रोजी दीक्षाविधी झाला. डरहॅम गावच्या विद्यापीठात बर्फावरील हॉकी खेळण्याचे मोठे क्रीडागृह आहे, तेथे हजारो लोक जमले होते. ठार मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, म्हणून पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त होता. रॉबिन्सन यांनी त्या दिवशी धर्मवस्त्रांच्या आत गोळी अडविणारे चिलखती जाकीट घातले होते. विधीच्या प्रघाताप्रमाणे मुख्य बिशप फ्रँक ग्रिस्वोल्ड यांनी विचारले की, यांना दीक्षा देण्यास कोणाची हरकत आहे काय? काही जण उठले. एक धर्मगुरू तर समलिंगी संबंधांचे असे वर्णन करू लागले की त्यांना मध्येच थांबवावे लागले. बाकीच्यांचे ग्रिस्वोल्ड यांनी शांतपणे ऐकून घेतले, आभार मानले आणि विधी पुढे चालविला. दोन्ही मुली, मार्क व इझाबेलाबाई, सर्व जण त्या प्रसंगी उपस्थित होते. ७ मार्च २००४ रोजी थ्यूनर निवृत्त होऊन रॉबिन्सन त्यांच्या जागी बसले. न्यू हॅम्पशायरचे ते नववे बिशप.

मग वादळ उठले. नायजेरियाचे आर्चबिशप पीटर अकिनोला हे विरोधकांचे पुढारी झाले. आफ्रिकेतील अनेक प्रांतांनी अमेरिकेशी संबंध तोडले. विरोधकांचे म्हणणे मी जसेच्या तसे मांडले पाहिजे. शास्त्राने विवाह सांगितला तो स्त्री आणि पुरुष यांचा, आणि कोणत्याही एका धर्मप्रांताला तो मोडण्याचा अधिकार नाही, हे त्यांचे पहिले म्हणणे. दुसरे अधिक बोचरे होते. तुमच्याच मिशनऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी आमच्या हाती हा ग्रंथ दिला, त्याचा हा अर्थ शिकविला, त्यासाठी आमच्या जुन्या चालीरीती सोडावयास लावल्या, आणि आता तुम्हीच येऊन म्हणता की अर्थ निराळा आहे! या म्हणण्यात रॉबिन्सन यांच्यावर अन्याय होतो, हे खरेच, परंतु त्यातील अपमानाची जाणीव खोटी नाही. गोऱ्या माणसाने आधी दिलेले आणि मग काढून घेतलेले पुष्कळ काही आपल्यालाही ठाऊक आहे.

आपल्या देशापुरते पाहिले तर मौज अशी की, समलिंगी संबंध हा गुन्हा आहे असे कलम आपल्याला इंग्रजांनीच दिले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ते ३७७ वे कलम. इंग्लंडने आपल्या घरचा तसा कायदा १९६७ पासून शिथिल केला आणि आपण मात्र तो कित्येक दशके आपली संस्कृती म्हणून उराशी धरला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निकाल फिरविला, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत असे एकमताने सांगितले. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी, चर्च समलिंगी व्यक्तींना कधीही गुन्हेगार मानीत नाही, असे उघड सांगितले होते. असा विवाह चर्चला मान्य नाही हेही त्यांनी लपविले नाही. निकालाचे स्वागत करणाऱ्यांत तेव्हा अनेक धर्मांचे पुढारी होते, त्यामुळे कार्डिनलांचे ते शब्द मला लक्षात ठेवण्याजोगे वाटले. विवाहाचा प्रश्न आपल्याकडे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडे सोपविला.

रॉबिन्सन यांच्याकडे वळतो. जगभरचे अँग्लिकन बिशप सुमारे दहा वर्षांनी लॅम्बेथ परिषदेसाठी कँटरबरीस जमतात. २००८ च्या परिषदेचे निमंत्रण आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी रॉबिन्सन यांना दिले नाही. तरीही ते इंग्लंडला गेले. सभागृहात प्रवेश नव्हता, म्हणून ते बाहेर जो भेटेल त्याच्याशी बोलत राहिले. त्यापूर्वी लंडनच्या पटनी भागातील चर्चमध्ये त्यांचे प्रवचन चालू असता एक माणूस उठून त्यांना पाखंडी म्हणून ओरडू लागला. लोकांनी त्याला बाहेर काढीपर्यंत स्तोत्र गाइले. रॉबिन्सन यांनी श्रोत्यांना त्या माणसासाठी प्रार्थना करावयास सांगितले आणि प्रवचन पुढे चालू केले. त्याच वर्षी जूनमध्ये मार्क यांच्याबरोबर त्यांचे नाते कायद्याने नोंदविले गेले होते. २०१० पासून न्यू हॅम्पशायरच्या कायद्याने त्याला विवाहाचे रूप मिळाले.

जानेवारी २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या अधिकारग्रहणाच्या उत्सवात लिंकन स्मारकापाशी पहिली प्रार्थना म्हणण्याचा मान रॉबिन्सन यांना मिळाला. पण दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले ते त्यांची प्रार्थना संपल्यावर. माणसाला व्यासपीठावर बोलवावे आणि यंत्र बंद ठेवावे, हा प्रकार आम्हा नभोवाणीवर बोलणाऱ्यांना विशेष समजतो.

या सर्व गलबल्यात त्यांचे रोजचे काम चालूच होते. ते मुलांना दीक्षा देत, खेड्यांतील देवळांना भेटी देत. नाताळची आदली संध्याकाळ ते स्त्रियांच्या तुरुंगात तेथील कैदी बायांबरोबर प्रार्थनेत घालवीत. ताण त्यांना सोसवला असे मात्र नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये ते दारूच्या व्यसनावर उपचार घेण्यासाठी एका संस्थेत दाखल झाले, आणि तसे पत्र त्यांनी स्वतः आपल्या मंडळींना लिहिले. विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. महिन्याभराने ते कामावर परतले. सत्पुरुषाच्या चरित्रातून असा भाग गाळण्याची आपल्याकडील चरित्रकारांना फार हौस. येथे तो गाळला तर मागे जे उरेल, ते या माणसाचे चरित्र राहणार नाही.

२०१० साली त्यांनी निवृत्तीचा मनोदय जाहीर केला, तेव्हा धमक्या व सततची टीका यांचा आपल्यावर व मार्क यांच्यावर झालेला परिणाम त्यांनी मोकळेपणाने सांगितला. जानेवारी २०१३ मध्ये ते पदावरून उतरले. २०१४ साली त्यांचा व मार्क यांचा घटस्फोट झाला. ज्या विवाहासाठी एवढे वादळ झेलले, तो विवाहच टिकला नाही, असे म्हणून हसणारे हसले. रॉबिन्सन यांनी ही बातमी इतरांच्या तोंडून फुटण्याची वाट पाहिली नाही. स्वतःच लेख लिहून कळविली. स्त्रीपुरुषांचे विवाह मोडतात म्हणून विवाहसंस्था कोणी खोटी म्हणत नाही, ही गोष्ट हसणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही.

त्यांच्यानंतर इतरांना वाट थोडी रुंद झाली. २०१० साली लॉस एंजेलिस येथे मेरी ग्लासपूल या समलिंगी बाई साहाय्यक बिशप झाल्या. २०१६ साली इंग्लंडातील ग्रँथमचे बिशप निकोलस चेंबरलेन यांनी आपले समलिंगी असणे उघड सांगितले, व ते पदावर राहिले. २०२५ साली वेल्सच्या चर्चने चेरी व्हॅन यांना आर्चबिशप निवडले. फूट मात्र मिटली नाही. अमेरिकेतील विरोधकांनी २००९ साली आपले निराळे चर्च काढले, आफ्रिकेतील मोठे प्रांत त्यांच्या बाजूला आहेत.

शेवटची एक हकीकत सांगतो. १९९८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील वायोमिंग संस्थानात मॅथ्यू शेपर्ड नावाचा एकवीस वर्षांचा समलिंगी विद्यार्थी दोघा तरुणांनी बेदम मारून माळावरील कुंपणाला बांधून ठेवला. पाच-सहा दिवसांनी तो रुग्णालयात वारला. हा मुलगा एपिस्कोपल मंडळीतला, लहानपणी चर्चच्या वेदीपाशी सेवा करणारा. त्याच्या आईबापांनी त्याचे दफन कोठेच केले नाही. कबर केली तर कोणीतरी येऊन तिची विटंबना करील, अशी त्यांना भीती होती. वीस वर्षे त्यांनी मुलाच्या अस्थी जवळ बाळगल्या.

२६ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्या अस्थी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये आणण्यात आल्या. तो कलश आत आणणारे व प्रवचन करणारे रॉबिन्सन होते. वय एकाहत्तर, निवृत्त होऊन पाच वर्षे झालेली. बोलताना त्यांचा कंठ दाटून आला. त्यांनी त्या मुलाला नावाने हाक मारून सांगितले की, आता येथे तुला भय नाही, तू घरी आला आहेस. नंतर कलश तळघरातील समाधिस्थानी नेऊन ठेवण्यात आला.